जावईबुवांची सही

माझ्या जावयाने गुन्हा केला, हे मी आधीच सांगून टाकते. शेवटपर्यंत ताणत न्यायचं आणि मग ऐकणाऱ्याला "अगं बाई!" म्हणायला लावायचं, असली माझी सवय नाही. गुन्हा केला, सकाळी अकराला केला, अर्ध्या इमारतीच्या देखत केला. त्याच दिवशी दुपारी दीड वाजता दुसरा गुन्हा झाला. तो मी केला. त्याचं पुढे येईलच.

जावईबुवा लिफ्टचे मेकॅनिक. आठ मजल्यांची इमारत, जुनी जाळीच्या दाराची लिफ्ट, आणि नोकरीबरोबर मिळालेल्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या, मीटरच्या खोलीमागे. तिथे आम्ही तिघं राहायचो. ते, माझी लेक आणि मी. लेक दवाखान्यात नाव नोंदवायच्या खिडकीवर बसते, सकाळी जाते ती संध्याकाळी येते. म्हणजे दिवसभर घरात मी आणि वर कुठेतरी हातोडी ठोकणारे जावईबुवा. बावीस वर्षं असं चाललं होतं.

खरं सांगते, मला हा माणूस पहिल्या दिवसापासून पटला नव्हता. लग्न नोंदवायला गेलो होतो. कारकुनाने कागद पुढे सरकवला, म्हणाला, इथे सही करा. माझ्या लेकीने केली. मी केली, मी तर कुठेही करते. जावईबुवांनी कागद उचलला आणि वाचायला लागले. वरपासून खालपर्यंत. मग मागची बाजू. बाहेर पाहुणे ताटकळलेत, फोटोवाला घड्याळ बघतोय, आणि हे शांतपणे म्हणाले, "हिची जन्मतारीख चुकलीय. चौदाची चोवीस झालीय." कारकून म्हणाला, "दहा दिवसांनी काय बिघडतंय?" तर म्हणाले, "बिघडत काहीच नाही. पण मग खाली माझी सही नको." झालं! कागद बदलून यायला दोन दिवस. पाहुणे जेवून गेले, लग्न मात्र परवा. माझ्या जिवाचा नुसता संताप संताप झाला. त्या दिवशी मी मनात म्हटलं, पोरीच्या नशिबी हा असला ठोंब्या यायचा होता.

बरं, बोलणं तरी गोड असावं! शेजारणींचे जावई सासूला 'आई, आई' करत फिरतात. आमचे म्हणतात "सासूबाई". मी एकदा लेकीला विचारलंही, याला आई म्हणता येत नाही का? ती हसून म्हणाली, "अगं, तू त्यांची आई नाहीस ना. जे आहे तेच ते म्हणतात." मी हात टेकले.

सही तर बघण्यासारखी. नाव, वडलांचं नाव, आडनाव, शाळेत गिरवल्यासारखं अक्षर न् अक्षर सुटं. खाली रेघ नाही, टिंब नाही, शेपूट नाही. एवढी लांब सही दिवसातून दोनदा करायचे, लिफ्टच्या नोंदवहीत. ही वही गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत खिळ्याला टांगलेली असे. काय काम केलं, किती वाजता केलं, आणि खाली सही. पानांना आकडे घालायचे तेसुद्धा स्वतःच्या हाताने. असल्या वह्यांत त्यांनी बावीस वर्षांत काय वाट्टेल ते लिहिलंय. "लिफ्टमध्ये मांजर सापडले, सोडले." "माझ्याकडून स्क्रू खाली पडला, अर्ध्या तासाने मिळाला." स्वतःची चूकसुद्धा लिहायची! मी म्हणायचे, अहो, स्क्रू पडलेला कुणी बघितला होता का? तर म्हणे, "मी बघितला होता ना."

आता मॅनेजरकडे येते. नाव घ्यायची इच्छा नाही. सहाव्या मजल्यावर राहायचा, इमारतीचं सगळं बघायचा, म्हणजे स्वतः काही न करता दुसऱ्याला करायला लावायचा. जावईबुवांना त्याने लिफ्टपुरतं कधी ठेवलंच नाही. याची गाडी धू, त्याचं तुंबलेलं मोरीचं भोक साफ कर, बायकोच्या पिशव्या वर पोचव. हाक कशी मारायचा, तर "ए लिफ्ट!" माणसाला लिफ्ट म्हणतो मेला! जावईबुवा आपले "आलो साहेब" करत जायचे. मी चिडायचे, लेक चिडायची. ते म्हणायचे, "जाऊ दे, पिशव्याच आहेत."

पण दोराचं जाऊ दे म्हणाले नाहीत. लिफ्ट चार तारेच्या दोरांवर लटकते. महिन्यातून एकदा जावईबुवा दोरावरून जुनं फडकं फिरवायचे. आतली बारीक तार तुटली असेल तर टोक वर येतं आणि फडकं तिथे अडकतं. जिथे अडकेल तिथे मोजायचं. तीन नंबरच्या दोरावर पहिल्या महिन्यात अकरा, दुसऱ्यात सोळा, तिसऱ्यात सत्तावीस. प्रत्येक वेळी वहीत लिहिलं, "दोर क्र. ३ बदलणे", आणि वही नेऊन मॅनेजरला दाखवली. तो म्हणायचा, पुढच्या महिन्यात बघू. तेवढ्यात त्याने फाटकावर स्वतःच्या नावाची संगमरवरी पाटी मात्र बसवून घेतली.

जावईबुवा जेवताना बोलायला लागले, ही पहिली खूण. एरवी ताटातून मान वर नाही. आता म्हणायचे, "सासूबाई, चौथ्या मजल्यावरची शाळेतली पोरं एका वेळी सातजण घुसतात." किंवा, "काल सातव्यावरच्यांनी कपाट चढवलं." फडकं खिशात घेऊन फिरायचे. एकदा मला दाखवलं, चाळणी झाली होती त्याची. मी म्हटलं, अहो, मग बंद करून टाका ना लिफ्ट. म्हणाले, "बंद करायला मॅनेजरची परवानगी लागते. तीन वेळा मागितली." आणि हात धुवायला उठले. बिचारे झोपेतही कूस बदलत असायचे, लेक सांगायची.

मग तो दिवस उजाडला. दोन दिवसांनी सरकारी तपासनीस येणार होता. जावईबुवांनी सकाळी वही उघडली, तर सत्त्याऐंशीव्या पानावर तळाला नवीन नोंद. "चारही दोर तपासले. उत्तम स्थितीत." आणि खाली जावईबुवांची सही. नाव, वडलांचं नाव, आडनाव, सगळं होतं. खाली एक झोकदार रेघ आणि दोन टिंबंही होती.

बावीस वर्षं गाड्या धुतल्या, पिशव्या वाहिल्या, 'ए लिफ्ट' ऐकून घेतलं. पण ही रेघ आणि ती दोन टिंबं त्यांना सोसली नाहीत. ज्याचा कधी आवाज चढला नाही त्या माणसाने काय केलं? काही नाही. मशीनच्या खोलीत उभे राहिले आणि वाट बघितली. अकरा वाजून पाच मिनिटांनी मॅनेजर सहाव्यावर लिफ्टमध्ये शिरला, एकटाच. ती पाचव्याच्या खाली गेली आणि यांनी मोटरचा फ्यूज उपसून शर्टाच्या खिशात टाकला.

लिफ्ट चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये अडकली. दार जाळीचं, त्यामुळे पाचव्या मजल्यावरच्यांना मॅनेजरचं डोकं दिसत होतं आणि चौथ्यावरच्यांना बूट. बघता बघता जिन्यात गर्दी. माझे गुडघे मला वर जाऊ देईनात, पण आवाज सगळा खाली येतो. मी तळमजल्यावर जाळीला कान लावून उभी राहिले.

"अरे, लिफ्ट बंद पडली!" मॅनेजर ओरडला.

"पडली नाही साहेब, मी बंद केलीय," जावईबुवांचा आवाज आला. चहा घेणार का विचारतात, तेवढाच आवाज. पाचव्या मजल्यावर पायरीवर बसले होते म्हणे.

"वेड लागलंय का तुला? चालू कर!"

"करतो. वहीतली सही कुणाची, तेवढं सांगा."

"कसली सही? अरे, हे हलतंय! हा दोर तुटला तर?"

"तुटेल कसा साहेब? उत्तम स्थितीत आहे. वहीत लिहिलंय."

जिन्यात कुणीतरी फिसकन हसलं. मीही हसले, खोटं कशाला बोलू. हसता हसता मात्र हे प्रकरण कुठे जाणार ते मला दिसत होतं. नंतर जावईबुवांनी सांगितलं की उरलेले तीन दोर एकट्या माणसाला सहज पेलतात, भीती काहीच नव्हती. पण हे त्यांनी मॅनेजरला सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं म्हणे. त्याने विचारलं नाही! तो धमक्या देत होता. आधी नोकरी घालवीन, मग घर घालवीन, मग पोलीस, मग देवाधर्माची भाषा. मध्येच जावईबुवांनी विचारलं, "पाणी हवंय का साहेब?"

बेचाळीस मिनिटांनी मॅनेजर किंचाळला, "हो! मी केली सही! आता काढ मला!"

जावईबुवा उठले, वर गेले, हाताने चाक फिरवून लिफ्ट पाचव्या मजल्याला आणली, दार उघडून त्याला हात दिला. त्याने तो झटकला. हे परत मशीनच्या खोलीत गेले. आणि पुढे त्यांनी जे केलं ते त्यांच्याशिवाय जगात कुणी केलं नसतं. पान उलटलं आणि गुन्ह्याची नोंद केली.

दुपारी जेवताना मला शांतपणे सांगितलं. मी विचारलं, काय लिहिलंत? तर पाठ म्हणून दाखवलं. "स. ११.०५ : फ्यूज काढून लिफ्ट चौथ्या व पाचव्या मजल्याच्या मध्ये मुद्दाम थांबवली. आत मॅनेजर. कारण, मागील पानावरील सही माझी नाही. दिवा व पंखा चालू ठेवला. पाणी विचारले, नको म्हणाले. स. ११.४७ : सही आपण केल्याचे मॅनेजर यांनी मान्य केले. सुखरूप उतरवले. दोर क्र. ३ बदलेपर्यंत लिफ्ट बंद." आणि खाली सही.

"मुद्दाम?" मी कपाळावर हात मारला. "अहो, 'मुद्दाम' कशाला लिहिलंत?"

"मुद्दामच थांबवली ना, सासूबाई."

जेवून ते रोजच्यासारखे वीस मिनिटं आडवे झाले. मी त्यांच्या घोरण्याचा आवाज ऐकत बसले. माझ्या डोक्यात एकच. पोलीस येणार, वही नेणार, आणि या शहाण्याने स्वतःच्या हाताने स्वतःला अडकवून ठेवलंय. नोकरी जाईल, खोल्या जातील, वर तुरुंग. आणि एवढं सगळं एका पानापायी. मी खिळ्यावरची मशीनच्या खोलीची किल्ली उचलली. लिफ्ट तर बंद. आठ मजले, वर गच्चीचा जिना. ज्या बाईला दोन पायऱ्या चढताना कठड्याला लोंबकळावं लागतं ती मी, प्रत्येक मजल्यावर बसत, स्वतःला आणि जावयाला शिव्या देत वर पोचले. ते पान टर्रकन फाडलं, घडी घालून चष्म्याच्या घरात कोंबलं, आणि बसत बसत खाली उतरले. चार वाजता पोलीस आले आणि वही घेऊन गेले.

मला वाटलं, सुटले! शिवाय इमारतीतली माणसंही कामाला आली, त्यांच्या पद्धतीने. पोलिसांनी विचारल्यावर ज्यांनी डोकं बघितलं होतं त्यांना काही आठवेना, ज्यांनी बूट बघितले होते त्यांना काही ऐकू आलेलं नव्हतं. लिफ्ट? पडली असेल बंद, जुनी आहे. मॅनेजरशी वाकडं घ्यायला नको आणि मेकॅनिकलाही दुखवायला नको. पण त्यामुळे मॅनेजरने दिलेली कबुलीही कुणी ऐकली नव्हती, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला.

मॅनेजरने दुसऱ्या दिवशी बाहेरचा माणूस आणून नवा फ्यूज घातला आणि लिफ्ट चालू केली. त्याच दोरावर! तपासनिसाची तारीख पुढे ढकलली. जावईबुवांना कामावरून काढलं, महिन्याभरात खोल्या रिकाम्या करा म्हणून चिठ्ठी दिली. ते मात्र रोज सकाळी स्टूल घेऊन लिफ्टसमोर बसायचे आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, "जिन्याने जा." काहीजण ऐकायचे, बरेचजण हसून लिफ्टचं दार ओढायचे. दार लागलं की जावईबुवा डोळे मिटायचे आणि लिफ्ट वर पोचून थांबल्याचा आवाज आला की उघडायचे. दिवसभर. मला ते बघवत नव्हतं.

माझे गुडघे तोपर्यंत भोपळ्याएवढे सुजले होते. जिन्यावर पाय मुरगळला म्हणून सांगितलं होतं मी. जावईबुवा रोज संध्याकाळी तेल कोमट करून वाटी माझ्याजवळ आणून ठेवायचे. कुठल्या जिन्यावर, कधी, हे एकदाही विचारलं नाही.

खटला उभा राहिला. आमची वकीलबाई तरुण होती, चटपटीत. तिने जावईबुवांना बजावलं, "त्यांच्याकडे पुरावा नाही. तुम्ही फक्त गप्प बसा. सुटलात म्हणून समजा." मला ती पोर एकदम आवडली. मॅनेजरने पिंजऱ्यात उभं राहून सांगितलं की दोर उत्तम आहेत, सही वगैरे आपल्याला काही माहीत नाही, आणि या माणसाने आपल्याला कोंडलं. साक्षीदार एकामागून एक आले आणि काहीच न सांगता गेले. न्यायाधीशबाई कंटाळल्या होत्या. त्यांनी वही पुढे मागवली, चाळली, आणि जावईबुवांकडे बघून म्हणाल्या, "तुम्हाला काही सांगायचंय?"

वकीलबाई म्हणाली, "काही नाही."

जावईबुवा उठले. "वही बघू का एकदा?" त्यांच्या हातात वही दिली. त्यांनी अंगठ्याने पानं सोडली, एका जागी थांबले. मी मांडीवरचं चष्म्याचं घर घट्ट धरलं.

"शहाऐंशीनंतर एकोणनव्वद आहे," ते म्हणाले. "मधलं पान नाही."

"कुणी काढलं?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

माझ्या बाजूला मान वळवायची नाही म्हणून जावईबुवांनी समोरच्या भिंतीवर अशी नजर रोवली होती की तेव्हा मला कळलं. यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तेलाची पहिली वाटी आणली तेव्हापासून.

"ते मला सांगता येणार नाही," ते म्हणाले. "पण त्याच्या एका बाजूला माझी खोटी सही होती. दुसऱ्या बाजूला खरी. खरीच्या वर काय लिहिलं होतं ते सांगतो." आणि अकरा पाचपासून सुरुवात केली. 'मुद्दाम' म्हणाले, पंखा म्हणाले, पाणी म्हणाले. वकीलबाईने डोकं धरलं. मॅनेजर खुशीत उभा राहिला, "बघा, कबूल केलं! आणि सहीची गोष्ट बनाव आहे, पान कुठाय?"

पान माझ्या मांडीवर होतं, चष्म्याच्या घरात. मी जावयाला वाचवायला ते फाडलं होतं आणि वाचत होता हा मॅनेजर! आत्ता गप्प बसले तर जावई तुरुंगात जाणार आणि खोटाही तोच ठरणार. मला इतका राग आला, स्वतःचाच, की गुडघ्यांचं विसरून मी ताडकन उभी राहिले.

"इथंय!" मी म्हटलं. "मी फाडलं."

न्यायाधीशबाईंनी घडी उलगडली. एका बाजूची सही बघितली, दुसऱ्या बाजूची बघितली, मग वहीतल्या बाकीच्या सह्या. मग मॅनेजरच्या तक्रारीच्या कागदाखालची त्याची सही. तिच्याखाली झोकदार रेघ होती आणि दोन टिंबं. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"आजी, का फाडलंत?"

"आमचा माणूस आहे तो," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही, आणि रडू आलं ते वेगळंच.

निकाल लागला. माणसाला कोंडणं हा गुन्हा, कारण काहीही असो, म्हणून जावईबुवांना पंधरा दिवसांची कैद. मॅनेजरवर खोट्या सहीचा वेगळा खटला. लिफ्ट त्याच क्षणापासून बंद, नवा दोर बसून तपासणी होईपर्यंत. आणि पुरावा लपवल्याबद्दल मला शिक्षा, कोर्ट उठेपर्यंत तिथेच बसून राहायचं. मी बसले. निदान बाकाला पाठ होती.

पाच वाजता कारकुनाने कागद पुढे केला. "आजी, इथे सही करा, मग घरी."

जावईबुवांना न्यायचं होतं, ते पोलिसाबरोबर दाराशी थांबले होते. लेक त्यांचा हात धरून उभी होती. मी पेन घेतलं, आणि माझं मलाच काय झालं कुणास ठाऊक, चष्मा लावून वाचायला लागले. वरपासून खालपर्यंत. कारकून म्हणाला, "अहो, लवकर." मी म्हटलं, "वाचू दे." चौथ्या ओळीत माझं नाव होतं आणि त्यापुढे लिहिलं होतं, आरोपीची आई.

मी कागद जावयासमोर धरला. त्यांनी वाचला. सगळा. चौथ्या ओळीवर थांबले. आता म्हणणार, चूक आहे, सासू लिहा, आणि बसणार आम्ही आणखी तासभर. कारकुनाने हळूच घड्याळाकडे बघितलं.

जावईबुवांनी कागद परत माझ्याकडे सरकवला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "करा सही."